‘असं’ म्हणजे कसं?

पांझराकाठ | गुरुवार, रात्री १०.४०

आखाजी, म्हणजे आमची खानदेशातली अक्षय तृतीया, तीन आठवड्यांवर आली. यंदा मनाशी ठरवलं होतं, आईचे खापरावरचे मांडे (हातांवर फिरवून कोपरापर्यंत वाढवलेली, पालथ्या मातीच्या खापरावर भाजलेली पुरणपोळी) एकदा नीट लिहून काढायचे. आई ७६ वर्षांची आहे, धुळ्याला देवपुरात राहते. मी पुण्यात, लेक बंगळुरूत. लेकीला मांडे शिकायचेत आणि आजीचं फोनवरचं सांगणं तिला उमगत नाही. म्हणून मागच्या रविवारी धुळ्याला गेले, आईला मागच्या अंगणातल्या चुलीपाशी बसवलं, फोन विटेला टेकवून ठेवला आणि ५० मिनिटं सगळं टिपून घेतलं.

रात्री ते ऐकून लिहायला बसले. त्यातला तुकडा जसाच्या तसा देते:

"गहू आदल्या दिवशी ओलवायचे, फडक्यात बांधून ठेवायचे. दळून आणलं की पीठ वस्त्रगाळ करायचं. मीठ टाकायचं, एवढं. पाणी घालत जायचं, असं. मग तिंबायचं. तिंबत राहायचं. नाही झालं अजून. अजून नाही. हं, आता बघ. असं झालं की थांबायचं."

या शेवटच्या ‘असं’ला ती कणकेत चार बोटं घालते आणि हात वर उचलते. कणीक बोटांवरून हळू खाली उतरते, तुटत नाही, आणि आई माझ्याकडे बघते. मला कळलं असं तिला वाटतं. चित्रफितीत हे सगळं स्वच्छ दिसतं. तरी दुसऱ्या दिवशी मी करायला घेतलं तेव्हा गोळा मनगटाच्या पुढं सरकायच्या आत मधोमध फाटला आणि पुरण हातभर झालं.

मी मोजलं. ५० मिनिटांत ‘असं’ ४३ वेळा आलंय. गहू किती, गूळ कधी, डाळ कितपत शिजवायची, हे तिनं शब्दांत सांगितलं. कणीक झाली कधी, गोळा हाताच्या पालथ्या बाजूवर कधी घ्यायचा, खापर तापलं हे कशावरून ओळखायचं, तिथं तिथं ‘असं’. जिथं खरी मेख, तिथंच शब्द नाही.

ती लपवत नाही, हे मी खात्रीनं सांगते. जीव तोडून सांगते. चार दिवस हेच डोक्यात आहे. हे सांगता येण्यासारखंच नाही, की तिला शब्द सापडत नाहीत, की मला विचारता येत नाही?

---

मोजपट्टी | शुक्रवार, सकाळी ७.१५

ताई, मी भुसावळचा, शिक्षणानं रसायन अभियंता. माझं मत स्पष्ट आहे. सांगता येत नाही असं काही नसतं, मोजलेलं नसतं एवढंच.

गव्हाच्या पिठात ग्लायडिन आणि ग्लुटेनिन ही दोन प्रथिनं असतात. पाणी मिळालं आणि तिंबणं झालं की ती एकमेकांत गुंतून जाळी तयार होते, तिला ग्लुटेन म्हणतात. ग्लायडिनमुळे कणीक ताणली जाते, ग्लुटेनिनमुळे ती परत मागे ओढते. आई ज्या क्षणाला ‘असं’ म्हणतात तेव्हा जाळी पुरती बांधली गेली आहे आणि ओढ सैलावली आहे. मांडा कोपरापर्यंत न्यायचा तर दोन्ही हवं. तुमचा फाटला म्हणजे तिंबणं कमी पडलं किंवा कणीक मुरली नाही.

पुढच्या वेळी आईला त्यांच्या पद्धतीनं करू द्या, पण पीठ आधी तोलून घ्या, पाण्याचं भांडं आधी आणि नंतर तोला, घड्याळ लावा. तीनदा केलंत की आकडा हाती येईल. बंगळुरूत आजीचा हात जाणार नाही, आकडा जाईल.

---

सरकी | शुक्रवार, दुपारी १.३०

मोजपट्टी भाऊ, तुमचा आकडा मला मान्य आहे, मी आकड्यांतच जन्म काढला. पण माझं ऐका.

मी ३१ वर्षं जिनिंगमध्ये, म्हणजे सरकी काढून रुई वेगळी करतात तिथं, कापूस बघितला. गाडी आली की ओलावा मोजायचं यंत्र असतं, त्याचे दोन खिळे कापसात खुपसले की टक्के दिसतात. त्याआधी आमचा हात जातो. मूठभर कापूस दाबून सोडायचा, तो कसा फुलतो ते बघायचं. सरकी दाताखाली धरायची. वाळलेली असेल तर कट्‌कन फुटते, ओली असेल तर चेपते. कवडी (किडका, न फुललेला कापूस) किती, पत्ती (पानांचा कचरा) किती, ते डोळा सांगतो. धाग्याची लांबी बघायला चिमूटभर रुई दोन्ही अंगठ्यांत धरून ओढत ओढत तंतू सरळ करायचे. २७ मिलिमीटर की २९, हे अंगठ्याला कळतं.

माझ्याकडे नवीन पोरगा आला की मी त्याला म्हणायचो, विचारू काही नको. मी जिथं हात घालीन तिथं माझ्यामागून घाल. हंगामभर तेवढंच. पुढच्या दिवाळीला तो बरोबर बोलायला लागायचा. कोणत्या दिवशी शिकला ते त्यालाही सांगता यायचं नाही.

एकदा यंत्रानं गाडी पास केली आणि माझा हात म्हणाला, नाही. वरचा थर वाळका होता, हात कोपरापर्यंत आत घातला तेव्हा कापूस गार लागला. आतून पाणी मारलेलं होतं. आता ‘गार’ हा शब्द मी तुम्हाला दिला. पण भरल्या कापसाच्या गाडीत हात घातला की थंडीच्या दिवसांत तो तसाही गारच लागतो. त्या गारव्यातला हा दुसरा गारवा कोणता, ते मला लिहिता येत नाही. हात दिला असता.

---

वाघूर | शुक्रवार, सायंकाळी ५.०५

मी उलट अनुभव सांगते. माझं माहेर शहरातलं. लग्न होऊन जामनेरकडे आले तेव्हा सासूबाई ज्वारीचं पीठ चिमटीत धरून म्हणाल्या, "याची विरी गेली." मला शब्दच माहीत नव्हता. पीठ फार दिवस पडून राहिलं किंवा ज्वारी जुनी असली की भाकरी थापताना कडेला चिरा पडतात, पीठ पिठाला धरत नाही. त्या धरण्याला विरी म्हणायचं. ज्वारीत मुळात ग्लुटेन नसतं, म्हणून तर उकळत्या पाण्यानं पीठ भिजवतात.

सांगायचं हे की शब्द मिळेपर्यंत माझ्या बोटांना काहीच कळत नव्हतं. मला वाटायचं, माझा हातच वाईट. शब्द मिळाला आणि महिन्याभरात बोटांना विरी लागायला लागली. इथं शब्दानं हात शिकवला. कुणीतरी बाई कधीतरी पहिल्यांदा ‘विरी’ म्हणाली असणार, तोपर्यंत तिच्याही घरी ते ‘असं’च असेल ना?

---

वॉर्डातली | शुक्रवार, रात्री ११.२०

आताच घरी आले. एका रुग्णालयात २२ वर्षं परिचारिका आहे. दिवसभर माझं काम हेच, माणसाला जे सांगता येत नाही ते विचारून काढायचं.

दुखण्याला आपल्याकडे किती शब्द आहेत बघा. ठणका लागतो तो नाडीच्या ठोक्यासरशी. कळ येते आणि जाते, लाटेसारखी. चमक हललं की निघते. सणक डोक्यात जाते. रग लागते एकाच जागी ताटकळून. गळू ठसठसतं, जखम चुरचुरते, डोळा खुपतो, पोटात मुरडा पडतो, पायाला गोळा येतो, भाजलं तर आग होते. "कळ येते की ठणकतं?" एवढ्या एका प्रश्नावर निम्मं निदान पुढं सरकतं. डॉक्टर मंडळींनीही हे फार उशिरा मनावर घेतलं. १९७५ साली कॅनडातल्या मॅकगिल विद्यापीठात रोनाल्ड मेल्झॅक यांनी दुखण्याच्या शब्दांचीच प्रश्नावली केली, ७८ शब्द, २० गट. त्याआधी बहुतेक एवढंच विचारलं जायचं की थोडं दुखतं की फार.

पण मला बोलायचंय ते या शब्दांच्या पलीकडच्या एका शब्दाबद्दल. ‘कसंतरी’.

साक्रीकडची एक बाई आली होती, पन्नाशी ओलांडलेली, मधुमेह होता. छातीत दुखतं का? नाही. पोटात? नाही. चक्कर? नाही. "काय व्हस मग, माय?" तर म्हणे, "कसं तरी व्हस." घाम आला होता. केसपेपरवर ‘कसंतरी’ लिहायला रकाना नाही, म्हणून लिहिणाऱ्यानं लिहिलं, अशक्तपणा. सलाईन लावून कडेच्या खाटेवर ठेवलं. तीन तासांनी ईसीजी काढला तेव्हा हृदयविकाराचा झटका निघाला. बायकांमध्ये, वयस्कांमध्ये, मधुमेह असलेल्यांमध्ये छातीत न दुखता झटका येतो, हे आम्ही शिकलेलो असतो. ती वाचली. पण ते तीन तास मी विसरले नाही.

तिला सांगता येत नव्हतं हे खरं नाही. तिनं सांगितलं होतं. तिला जे होत होतं त्याला ‘कसंतरी’ हाच नेमका शब्द होता. तेव्हापासून कुणी कसंतरी म्हणालं की मी इतर काही लिहीत नाही. अवतरणचिन्हात ‘कसंतरी होतंय’ लिहिते आणि डॉक्टरांना उभ्या उभ्या दाखवते.

---

अमळनेरी | शनिवार, सकाळी ९.००

फार मोलाचा धागा. मी भाषेचा निवृत्त शिक्षक, दोन-तीन गोष्टी जोडतो.

सरकी काका सांगतात त्याला मायकेल पोलानी या विचारवंतानं १९६६ मध्ये सूत्ररूप दिलं: आपल्याला सांगता येतं त्याहून जास्त माहीत असतं. त्याचं आवडतं उदाहरण सायकलचं. तोल ज्या बाजूला जातो त्याच बाजूला हँडल वळवायचं, आणि ते वळण वेगाच्या वर्गाच्या व्यस्त प्रमाणात हवं, असा नियम मांडता येतो. पण सायकल चालवणाऱ्या कुणालाच तो ठाऊक नसतो आणि तो पाठ करून कुणाला सायकल येत नाही. मोजपट्टींचा आकडा खरा, पण तो हाताच्या नंतर येतो.

आता वाघूर ताईंच्या बाजूनं. वासांना नाव देता येत नाही, असं युरोपात फार काळ मानत होते. २०१४ मध्ये असिफा मजीद आणि निक्लास बुरेनहुल्ट यांनी मलय द्वीपकल्पातल्या जहाई या शिकारी-वेचक लोकांचा अभ्यास छापला. त्यांच्या भाषेत निव्वळ वासाचे डझनभर शब्द आहेत आणि ते लोक वासाला तितक्याच सहज नाव देतात जितक्या सहज रंगाला. इंग्रजी बोलणारे त्याच वासांपुढं अडखळले. म्हणजे वास मुका नव्हता, तिथं बोलायची गरज आणि सवय नव्हती. आपल्याकडे तरी खमंग, खरपूस, कुबट, खवट, आंबूस, ओशट, करपट, मातकट एवढं आहे. ते स्वयंपाकघरातून आलं.

आणि एक गोष्ट आपल्या मातीतली. खानदेशात बोललं एकानं आणि लिहिलं दुसऱ्यानं, असं दोनदा घडलं. १९३२ साली धुळ्याच्या तुरुंगात विनोबा दर रविवारी गीतेवर बोलायचे आणि साने गुरुजी ते उतरून घ्यायचे. २१ फेब्रुवारी ते १९ जून, १८ अध्यायांवर १८ प्रवचनं. आज आपण वाचतो ते गुरुजींच्या हातून आलेलं. दुसरी बहिणाबाई. आसोद्यात जन्म १८८०, लिहिता-वाचता येत नव्हतं. जात्यावर, शेतात ओव्या सुचायच्या, त्या मुलानं, सोपानदेवांनी आणि घरच्यांनी टिपल्या. १९५१ मध्ये त्या गेल्या, संग्रह निघाला १९५२ मध्ये. (बरेच जण त्यांची भाषा अहिराणी समजतात. ती लेवा गणबोली आहे, हे इथं नोंदवून ठेवतो.)

मला नेहमी त्या टिपणाऱ्या हाताबद्दल वाटतं. जात्याची घरघर, दाण्याची मूठ, श्वास कुठं लागला, हे कागदावर उतरलं नाही. तरी उतरलं ते इतकं आहे की कधी जातं न ओढलेली मुलं वर्गात ते म्हणताना आपोआप हलायला लागतात. हे मी ३० वर्षं पाहिलंय.

---

मेहुणकर | शनिवार, दुपारी ४.१०

आमचं गाव मुक्ताईच्या ठिकाणाजवळ, तापीकाठी. वारी घरची. म्हणून माउलींचा आधार घेऊन थोडं बोलतो.

वाणी चार सांगितल्या आहेत: परा, पश्यंती, मध्यमा, वैखरी. आपण तोंडानं बोलतो ती शेवटची. परेत अजून शब्द नाही, फक्त असणं आहे. पश्यंतीत ते दिसतं, मध्यमेत मनात शब्द जुळतो, मग वैखरी. पांझराकाठ ताई, तुमच्या मातोश्री ‘असं’ म्हणतात तेव्हा त्या पश्यंतीतून थेट बोलताहेत. त्यांना दिसतंय.

दुसरं. अमृतानुभवाचं सहावं प्रकरण शब्दखंडनाचं आहे. नाव ऐकून वाटतं, माउली पहिल्या ओवीपासून शब्दाला मोडीत काढणार. तसं नाही. आधी शब्दाचा गौरव करतात. शब्द म्हणजे अमूर्ताचा आरसा, आणि त्याचं मोठेपण कशात, तर आठवण करून देण्यात. मग विचारतात, ज्याला विसरच पडलेला नाही त्याला आठवण काय करून देणार?

मला हे ‘आठवण’ फार खोल वाटतं. शब्द नवं काही देत नाही. तुमच्यात जे आहे त्याला हाक मारतो. सरकी काकांचा ‘गार’ हा शब्द ज्यानं कापसात हात घातला त्यालाच हाक मारील. वाघूर ताईंच्या विरीचंही मला तसंच वाटतं. तुमची बोटं आधीच पिठात होती, ताई.

---

वाघूर | शनिवार, दुपारी ४.५०

बोटं पिठात होती, पण त्यांना कळत नव्हतं की काय शोधायचं. मी माझ्या म्हणण्यावर ठाम आहे.

---

सातपुडा_पायथा | शनिवार, रात्री ९.३५

नंदुरबार जिल्ह्यात, अक्राणीत प्राथमिक शिक्षक आहे. सगळं वाचलं. एक गोष्ट राहतेय.

आमच्याकडे पहिलीत मूल येतं ते घरी पावरी किंवा भिली बोलणारं. पुस्तक मराठीत. मी ‘काय झालं?’ विचारलं की ते गप्प. बाहेरून तपासायला येणारे म्हणतात, मुलांना व्यक्त होता येत नाही. तेच मूल सुट्टीत झाडाखाली बहिणीला अख्खी गोष्ट सांगत असतं, हातवारे करून, आवाज बदलून. पहिल्या वर्षी एक मुलगी सकाळभर बाकावर वाकून बसली होती. मी तीनदा विचारलं. चौथीतली तिची बहीण आली, एक वाक्य बोलली आणि मुलगी घडाघडा सांगायला लागली. कान दुखत होता, रात्रीपासून. तिला शब्द होते. माझ्या प्रश्नाच्या भाषेत नव्हते.

पांझराकाठ ताई, राग मानू नका. चित्रफितीतली तुमच्या आईची मराठी फार स्वच्छ आहे. ‘ओलवायचे’, ‘थांबायचं’. त्या त्यांच्या आईकडून मांडे शिकल्या तेव्हा कोणत्या भाषेत शिकल्या? एकदा अहिराणीत विचारून बघा.

---

तापीकाठ | रविवार, सकाळी ६.२०

मी इथं कधी लिहीत नाही, वाचतो. या धाग्यावर लिहावंसं वाटलं.

वडिलांना, आम्ही नाना म्हणतो, दोन वर्षांपूर्वी अर्धांगाचा झटका आला. उजवा हात गेला आणि बोलणं गेलं. एक शब्द राहिला: ‘हाऊ’. अहिराणीत ‘हा’, बोट दाखवून म्हणतात तो. चहा हवा, हाऊ. पाऊस आला, हाऊ. माझ्या नावालाही हाऊ. त्यांना समजतं सगळं. आम्ही चुकीचं समजलो की त्यांच्या डोळ्यांत पाणी येतं.

डॉक्टरांनी सांगितलं, हे जुनं ओळखीचं आहे. १८६१ मध्ये पॅरिसच्या ब्रोका नावाच्या डॉक्टरांकडे असा रुग्ण होता, त्याला ‘तान’ एवढंच बोलता यायचं. तो गेल्यावर मेंदू पाहिला तेव्हा डाव्या बाजूला पुढं इजा दिसली. बोलणं तिथून जुळतं, हे तेव्हापासून कळलं.

पण मला लिहायचंय ते एकादशीचं. गावातलं भजनी मंडळ घरी आलं. नाना भिंतीला टेकून बसले होते. टाळ वाजले आणि ‘रामकृष्ण हरी’ सुरू झालं तसं नानांनी तोंड उघडलं आणि म्हणाले. पूर्ण. स्वच्छ. आई उंबऱ्यात होती, ती तिथंच खाली बसली. भजन संपल्यावर मी म्हटलं, नाना, म्हणा, रामकृष्ण हरी. ते बघत राहिले. "हाऊ."

चालीत आलेला शब्द मेंदूच्या उजव्या बाजूचाही आधार घेतो, म्हणून असं होतं असं सांगतात. त्यावरून उपचारही निघालाय, सुरात बोलायला शिकवायचा. आम्ही घरी करतो. "पाणी दे" याला आईनं चाल लावलीय.

माझ्यापुरतं सांगतो. दोन वर्षं आम्ही नानांना शब्द परत मिळावेत म्हणून झटतोय. पण ‘हाऊ’ समजायला शिकतोय ते आम्ही. आई आता दहातले आठ हाऊ बरोबर ओळखते. मी तीन.

---

वॉर्डातली | रविवार, सकाळी ८.००

तापीकाठ भाऊ, सुरातून बोलायचा तो उपचार १९७३ मध्ये बोस्टनला सुरू झाला. चांगल्या हाताच्या टिचकीवर तालात बोलायचं, एकेक अक्षर. सोडू नका. आणि तुमची आई करते ते कुठल्याही पुस्तकातल्यापेक्षा कमी नाही.

---

पांझराकाठ | मंगळवार, रात्री ११.१०

सातपुडा सर, राग कसला. तुमचं वाचून मी रात्रभर जागी होते.

आई माझ्याशी मराठीत बोलते. मी शाळेत गेले तेव्हापासून. मामाशी, मावशीशी अहिराणीत. मला अहिराणी सगळी कळते, बोलताना मात्र अडखळते. आज फोन केला आणि विचारलं, "माय, कणीक झायी हाई तुले कसं समजस?"

ती आधी गप्प राहिली. मग म्हणाली, "वासरू पी गयं का गायनं थान कसं लागस हातले? तशी जोयजे. कडक बी नही, ढिली बी नही."

वासरू पिऊन झाल्यावर गाईचं थान हाताला जसं लागतं, तशी. तिनं हे असं सांगितलं जसं कुणी रस्त्याचा पत्ता सांगतं. ५० मिनिटांच्या चित्रफितीत जे आलं नाही ते एका वाक्यात आलं. ही उपमा तिच्या आईची आहे, म्हणजे माझ्या आजीची. तिच्या माहेरी गोठा होता. शिकवताना आजीनं तिला हेच सांगितलं होतं. माझ्याशी मराठी बोलताना तिनं ते बाजूला ठेवलं, कारण ‘थान’ वगैरे शिकलेल्या लेकीपुढं कसं बोलायचं.

शब्द होता. ४० वर्षं होता.

आणि आता खरी अडचण. मी देवपुरात वाढले. मी आयुष्यात कधी धार काढलेली नाही. आईनं मला जे द्यायचं ते दिलं, आणि माझ्या हाताला ते कुठं ठेवायचं तेच माहीत नाही.

---

सरकी | बुधवार, सकाळी ७.४०

ताई, मग गोठ्यात जा.

---

मेहुणकर | बुधवार, सकाळी ८.१५

काकांनी एका ओळीत सांगितलं. आठवण व्हायला आधी ओळख हवी.

---

मोजपट्टी | बुधवार, दुपारी १२.३०

मी माझं म्हणणं थोडं बदलतो. आकडा लेकीसाठी घ्याच, तो उपयोगी पडेल. पण तिच्या वहीत आकड्याच्या शेजारी आजीचं वाक्य अहिराणीतच लिहा. भाषांतर करू नका.

---

पांझराकाठ | आखाजीनंतरचा रविवार, रात्री ९.५५

सगळ्यांना सांगायचं राहिलं होतं.

आखाजीच्या आधी दोन दिवस आईला घेऊन शिंदखेड्याकडे मामाच्या गावी गेले. पहाटे मामीनं वासरू सोडलं. ते ढुशा देत प्यायलं. मामीनं त्याला ओढून बाजूला केलं आणि आई म्हणाली, "लाव हात." मला भीती वाटत होती. गाय शांत उभी होती. थान कोमट होतं, ओलसर, आणि भरलेलं नव्हतं पण लोंबतंही नव्हतं. दाबलं तर दबत होतं आणि सोडलं की फार हळू परत येत होतं. हे लिहितेय आणि मला कळतंय की हे तुम्हाला पुरतं पोचणार नाही. ज्यांनी धार काढलीय त्यांना पहिल्या ओळीतच पोचलं असेल.

तिथंच मामीच्या चुलीवर मांडे केले. पीठ तोललं, पाणी तोललं, वेळ लिहिली. मोजपट्टी भाऊ, आकडे लेकीला पाठवले आहेत. तिंबताना मी तीनदा थांबले, आई तिन्ही वेळा "अं हं" म्हणाली. चौथ्यांदा मी स्वतः थांबले, कारण हाताला ते लागलं. तिनं बोटं घालून पाहिलं आणि काही न बोलता पुरणाचं पातेलं पुढं सरकवलं.

पहिले तीन फाटले. हातावर फिरवायचं आईनं सांगितलं नाही, माझं मनगट धरून वळवलं. चौथा कोपरापर्यंत गेला. पाचवा खापरावर उतरला, कड जाड राहिली.

लेकीच्या वहीत आता ‘असं’ दोनच ठिकाणी आहे. एक मनगटाचं. दुसरं खापर तापल्याचं. आईला मी अहिराणीत विचारलं, मराठीत विचारलं, पाणी शिंपडून आवाज ऐकवला. ती म्हणाली, आवाजावर नाही. वासावर? नाही. मग कशावर? ती खापराकडे बराच वेळ बघत राहिली आणि म्हणाली, "तुले दिखत नही का?"

लेक दिवाळीत येतेय. मामीला सांगून ठेवलंय, वासरू तोवर पितं असेल तर बघू.

---

तापीकाठ | सोमवार, सकाळी ६.४५

आमच्याकडेही आखाजीला मांडे झाले. नानांनी घास घेतला, थांबले, ताटाकडे डाव्या हाताचं बोट केलं आणि म्हणाले, "हाऊ."

मला वाटलं, अजून एक हवाय. मी वाढायला उठलो. आई म्हणाली, "बस खाली. गूळ कमी पडला म्हणताहेत." तिनं मांड्यावर गुळाचा चुरा घातला, तूप सोडलं. नाना खायला लागले.